चित्रातल्या बाईचं नाव काय?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. तुमचा जन्म कुणाच्या हातून झाला? वयस्कर बायांना सुईण आठवत होती. तिचं घर आठवत होतं, तिचा गरम तेलाचा हात आठवत होता. नाव मात्र कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं, "अमक्याची आजी." कुणी म्हणालं, "खालच्या आळीतली म्हातारी." तेव्हा आम्हाला एका जुन्या पुस्तकाची आठवण झाली. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. तिथल्या ग्लासगो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचा एक मोठा संग्रह आहे. तो विल्यम हंटर या डॉक्टरांचा. जन्म १७१८ चा, गाव ग्लासगोजवळचंच. पुढे लंडनला जाऊन ते बाळंतपणाचे नामांकित डॉक्टर झाले. राणी शार्लट यांच्या बाळंतपणाची देखरेखही त्यांच्याकडे होती. मिळालेला पैसा त्यांनी पुस्तकं, हस्तलिखितं आणि शरीराचे नमुने जमवण्यात घातला. १७८३ मध्ये ते वारले. मरताना त्यांनी हे सगळं विद्यापीठाला देऊन ठेवलं होतं, आणि १८०७ मध्ये ते ग्लासगोला पोचलं. सुमारे दहा हजार छापील पुस्तकं आणि साडेसहाशे हस्तलिखितं! त्यांत वैद्यकाची पुस्तकं पुष्कळ आहेत.

हंटर यांनी स्वतःही एक पुस्तक केलं. १७७४ मध्ये छापलेल्या या पुस्तकाचा विषय एकच, गरोदर बाईचं गर्भाशय. पुस्तक अंगणातल्या पाटाएवढं मोठं. आत ३४ चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. बाळ पोटात कसं गोळा होऊन बसतं, डोकं खाली कसं असतं, नाळ कशी असते, हे त्यात डोळ्यांसमोर दिसतं. पुस्तकाचं काम वीस वर्षांहून जास्त चाललं. आईचं रक्त वेगळं फिरतं आणि बाळाचं वेगळं, वारेमध्ये दोन्ही जवळ येतात पण थेट मिसळत नाहीत, हे विल्यम आणि त्यांचे धाकटे भाऊ जॉन यांच्या अभ्यासातून पुढे आलं. डॉक्टर आणि सुईणी शिकल्या त्यात अशा चित्रांचा मोठा वाटा आहे.

पण ही चित्रं काढली कशावरून? पोटात बाळ असतानाच मरण पावलेल्या बायांच्या शरीरावरून. पहिली बाई १७५० च्या सुमारास दिवस भरत आले असताना अचानक गेली. नंतर आणखी बाया आल्या. त्या काळी लंडनमध्ये शरीर शिकवणाऱ्या शाळांना थडग्यांतून चोरलेली प्रेतंही विकली जात. या बायांची देहं कुठून आली, घरच्यांना विचारलं होतं का, याचा खुलासा पुस्तक करत नाही.

आता नावांचं बघा. पुस्तक राजाला अर्पण केलंय, त्याचं नाव आहे. छापणारे बास्करव्हिल यांचं नाव आहे. चित्रं काढणारे रिम्सडाइक आणि कोरणारे कारागीर, त्यांची नावं चित्रांखाली आहेत. नाव नाही ते फक्त बायांचं. त्यांची ओळख एवढीच, की कितवा महिना होता.

पुस्तक खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याने कितीतरी आया वाचल्या असतील. पण ज्यांच्या शरीरावर जग शिकलं, त्यांची नावं आता कुठेच शोधता येत नाहीत.

विद्यापीठांच्या अशा संग्रहांत बाईचं नाव सापडतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आपल्या आनंदीबाई जोशींचा प्रबंध जपून ठेवलाय. कल्याणच्या या मुलीचं बाळ ती चौदा वर्षांची असताना दहा दिवसांतच गेलं. त्यानंतर ती तिथल्या महिलांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकायला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय तिने कोणता घेतला? जुन्या काळातल्या हिंदूंमधलं बाळंतपणाचं शास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, ती पुण्यात वारली. पण तिच्या अभ्यासावर तिचं नाव आहे.

आता आपल्याकडे येऊ. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, त्यात आमच्या मनात शंका नाही. पण दवाखाना लांब होता, रस्ता नव्हता, तेव्हा रात्री-अपरात्री कंदील घेऊन आलेली बाई कोण होती? आपल्या इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येकीचं नाव असतं, सही येत नसेल तर अंगठा असतो. त्याच वहीची शेवटची चार पानं आम्ही राखून ठेवली आहेत. गावातल्या सुईणींची नावं त्यात लिहायची, त्यांच्याकडून कोण काय शिकलं तेही लिहायचं.

आतापर्यंत तीन नावं मिळाली. एक तर सुनेलाही ठाऊक नव्हतं, ते रेशनकार्डावर सापडलं. तुमच्या गावात विचारून बघा. सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवरच विचारा.