घरगुती भुतं

माझ्या भित्रेपणाबद्दल आमच्या घरात दुमत नाही. लहानपणी कोकणात आजोळी शिमग्याला संकासुर यायचा. काळे कपडे, डोक्यावर उंच टोकदार मुखवटा, लोंबती दाढी नि कमरेला घुंगरं. आत कोण आहे हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. तोच गडी सकाळी आमचे नारळ पाडून, ओटीवर बसून चहा पिऊन गेलेला असे. तरी संध्याकाळी घुंगरं वाजली की मी थेट माजघरात, भाताच्या कणगीमागे. "अरे, तो आपला नारळ पाडणारा रे!" असं आजी ओरडून सांगे. मला ते मान्य होतं. पण पळणारा माणूस मान्य-अमान्य बघत नाही.

पुढे मी मोठा झालो, म्हणजे वयाने. आणि कणगीच्या जागी थिएटरातली पुढच्या रांगेची पाठ आली. कारण तोवर रामसे बंधू आले होते.

रामसे हे नाव ऐकून हे कुणी विलायती गृहस्थ असावेत असं मला वाटे. प्रत्यक्षात ते रामसिंघानी. वडील फत्तेचंद यांचं कराचीला रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला 'रामसिंघानी' झेपेना म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर मंडळी मुंबईला आली नि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओ विकू लागली. त्यांना मुलगे सात. एवढे मुलगे असल्यावर माणूस क्रिकेटची टीम काढील. यांनी सिनेमा काढला.

1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि साफ आपटला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून म्युझियममध्ये चोरी करतात, असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम हे भाऊ थिएटरात बसून लोकांकडे बघत होते. त्यांना दिसलं की लोक तेवढ्या प्रसंगापुरते सावरून बसतात, किंचाळतात, आणि तो संपला की उठून जातात. दुसरा कुणी असता तर प्रेक्षकांच्या अभिरुचीवर अग्रलेख लिहिता. या पोरांनी वडिलांना सांगितलं, "लोकांना एवढंच हवंय, तर एवढंच करू या."

मग 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' झाला. त्याची हकीगत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आमच्या चुलतबहिणीचं लग्न आठवतं. सगळं खटलं बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं. सेट नाही, सरकारी विश्रामगृहात मुक्काम. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाज बघणार, अर्जुन कातरी चालवणार, केशू पडेल ते काम करणार, तुलसी-श्याम दिग्दर्शन करणार. आणि आई नि सुना सगळ्यांचा स्वयंपाक करणार. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, असं ते सांगत. म्हणजे पुरतं घरचं कार्य, फक्त बोहल्यावर नवरदेवाऐवजी भूत उभं! त्या भुतालाही दुपारी रामसेबाईंच्या हातची पोळीभाजीच मिळत असणार. असल्या भुताची भीती वाटावी तरी किती?

पण वाटे. पुरेपूर वाटे.

1984 साली 'पुराना मंदिर' लागला तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. आमच्या घरात सिनेमा म्हणजे 'प्रभात'चा. त्यानंतर सिनेमा निघायचा बंद झाला असंच वडिलांचं मत होतं. मित्राकडे अभ्यासाला जातो अशी थाप मारून मी रात्रीच्या खेळाला गेलो. नोकरी लागल्यावर कसला अभ्यास, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही हे नशीब.

त्यातला सामरी म्हणजे मोठा अघोरी इसम. राजा त्याचं मुंडकं उडवतो; धड एकीकडे पुरतो आणि डोकं पेटीत बंद करून हवेलीत ठेवतो. ती पेटी काही कायमची बंद राहणार नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आणि तरीही दोन तास माणूस मनातल्या मनात विनवीत असतो, "बाबांनो, पेटी उघडू नका!" सामरी झाला होता अनिरुद्ध अग्रवाल. ताडमाड उंच, मूळचा रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनियर. चेहराच असा की रंगवणाऱ्याचं निम्मं काम देवाने आधीच उरकलेलं. मागून निळा उजेड, समोर धूर, आणि त्या धुरातून हा इंजिनियर आपल्या दिशेने चालत येतोय. मुखवटा कुठे संपतो नि माणूस कुठे सुरू होतो हे मी शोधत होतो, तेही बोटांच्या फटीतून.

इंटरव्हलला दिवे लागले आणि शेजारच्या खुर्चीत आमचे शाळेतले संस्कृतचे सर!

"सर, तुम्ही?"

"फोटोग्राफी बघायला आलोय," सर म्हणाले. "तू?"

"मीसुद्धा फोटोग्राफीच, सर."

उत्तरार्धात सरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला. शाळेत याच हाताने माझा कान धरला होता. पण तेव्हा तो थरथरत नव्हता. आठ वर्षं ज्यांना भ्यालो ते माझ्याइतकेच भित्रे निघाले. सरांविषयी पहिल्यांदा माया वाटली ती त्या रात्री.

खेळ सुटला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. "चल, तुला घरापर्यंत सोडतो. लहान आहेस," सर म्हणाले. सोडलं. पण मग सर एकटे कसे जाणार? वय झालेलं. मी त्यांना सोडायला निघालो. त्यांच्या दारात पोचल्यावर त्यांना माझी काळजी वाटू लागली. अशा तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मधल्या पारापाशी थांबून 'एक, दोन, तीन' म्हणून दोघेही आपापल्या दिशेने धावत सुटलो. सर आज नाहीत. 'रामः रामौ रामाः' अजून पाठ आहे, पण सरांची आठवण येते ती धोतराचा सोगा धरून धावणारी.

1993 मध्ये रामसे 'झी हॉरर शो' घेऊन टीव्हीवर आले आणि भूत दिवाणखान्यात बसलं. तुलसी 2018 साली गेले, श्याम 2019 साली. आता भुतं कॉम्प्युटरवर होतात. त्यांचा प्रत्येक दात सुटा दिसतो. पण ती पडद्यावर कितीही आली तरी 'आली' असं मला वाटत नाही. सामरी खराखुरा चालत आला होता. आत एक माणूस घामाने निथळत होता. माझ्यासाठी एवढा घाम गाळणाऱ्याला न भिणं हे मला कृतघ्नपणाचं वाटतं.

परवा बारा वर्षांच्या नातवाला मी सामरीचा तेवढा प्रवेश दाखवला. तो खो खो हसला. "आजोबा, ह्याचा मास्क कळतोय की! आणि तू ह्याला घाबरायचास?"

रात्री दिवे मालवले. थोड्या वेळाने माझ्या दाराशी पावलं वाजली.

"आजोबा, तुला पाणी प्यायला जायचं असेल ना? चल, मी तुला स्वयंपाकघरापर्यंत सोडतो."

मला तहान नव्हती. पण गेलो. दोघांनी पाणी प्यालं. त्याने मला खोलीपर्यंत सोडलं.

मग अर्थातच मी त्याला सोडायला निघालो.