बल्ब काढला, प्रॉब्लेम गेला? गाडीच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यांची गोष्ट

आजचा भाग आहे गाडीच्या डॅशबोर्डवर लागणाऱ्या लाल-पिवळ्या दिव्यांचा. पण सुरुवात पुरापासून करावी लागेल.

२७ जुलै २०१९. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवासी, बोटी, हेलिकॉप्टर, सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्याच उल्हास नदीचं पाणी आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही शिरलं. तिथे उभी होती बाबांची २००३ची मारुती ८००. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झाली, पण बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा काही विझेना. जवळच्या एका मेकॅनिकने दहा मिनिटांत काम केलं. म्हणाला, "पाणी गेलंय आत, खोटा दिवा लागतोय." आणि त्याने बल्बच काढून टाकला! आम्ही खूश.

चार दिवसांनी रात्री कल्याणहून आजीला घेऊन येत होतो. धो धो पाऊस. उल्हासनगर ओलांडेपर्यंत हेडलाइट मंद झाले, वायपर रेंगाळायला लागला आणि अंबरनाथच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागून ट्रक येतायत, आपल्या गाडीला दिवे नाहीत, आणि मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातली आजी. ती रात्र मी विसरलो नाही.

आता जरा इतिहासात जाऊया. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये दिवे नव्हते, काटे होते. ऑइलचं प्रेशर किती, बॅटरी चार्ज होतेय का, हे काटा बघून ड्रायव्हरने समजून घ्यायचं. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काट्यांच्या जागी दिवे बसवले. स्वस्त आणि सोपं. गाडीवाल्यांनी त्यांना नाव ठेवलं 'इडियट लाइट'. टोमण्यात तथ्य होतं. काटा हळूहळू खाली येताना दिसतो, दिवा मात्र पाणी डोक्यावरून गेल्यावरच लागतो. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला म्हणजे प्रेशर आधीच पडलेलं असतं. तेव्हा 'घरी जाऊन बघू' चालत नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद.

बॅटरीच्या दिव्याची रचना तर मला जाम आवडते. त्या बल्बचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं अल्टरनेटरकडे. चावी फिरवली की बॅटरीच्या बाजूला १२ व्होल्ट, दुसरीकडे शून्य, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज बनवायला लागला की दोन्ही बाजू समान होतात आणि दिवा विझतो. तराजूच तो! कॉम्प्युटर नाही, कोड नाही. आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. म्हणजे बल्ब काढला तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता. आमचा अल्टरनेटर पुराच्या चिखलाने अर्धा गेलाच होता, बल्ब काढून आम्ही त्याचा उरलेला आधारही काढून घेतला.

पिवळा 'चेक इंजिन' दिवा मात्र वेगळ्या घराण्यातला. तो जन्मला हवेसाठी. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत होते. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की यात गाड्यांच्या धुराचा मोठा हात आहे. नियम कडक होत गेले, इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर आले, आणि कॅलिफोर्नियाने सांगितलं की बिघाड गाडीनेच ओळखून सांगायचा. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे २०००च्या सुमारास प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. ओबीडी आलं भारत स्टेज ४सोबत, एप्रिल २०१०पासून, आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३पासून. म्हणून आज स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. पी०३०० दिसलं, तर इंजिन मिसफायर होतंय.

आमच्या ८००ला ते स्कॅनर चालत नव्हतं. गाडी टो करून उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका म्हाताऱ्या सिंधी काकांकडे नेली. फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी उभं केलेलं हे शहर. मोडलेलं जोडून पुन्हा चालतं करणं इथे रक्तातच आहे. काकांनी रिकामा होल्डर बघितला आणि एवढंच म्हणाले, "बत्तीने क्या बिगाड़ा था?"

अल्टरनेटर दुरुस्त केला, बल्ब परत लावला. मग डायग्नोसिसच्या कनेक्टरमध्ये एक वायर अडकवली आणि मला म्हणाले, गिन. चेक इंजिनचा दिवा एकदा चमकला, थांबला, मग दोनदा. एक, दोन. बारा. त्या काळच्या सुझुकी इंजिनांत बारा म्हणजे सगळं ठीक. मी दिवसभर ऑफिसात सर्व्हरचे लॉग वाचतो, पण मशीनने असं डोळे मिचकावून बोललेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आणि खरं सांगू? मला त्या पहिल्या मेकॅनिकचा राग येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्रास देणारा अलर्ट मीही म्यूट केलाय. फक्त त्या अलर्टच्या मागच्या सीटवर आजी बसलेली नव्हती.

तर जुनी गाडी घेताय? चावी 'ऑन'ला आणा, इंजिन सुरू करू नका. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, आणि असेल तर एअरबॅग, सगळे दिवे लागले पाहिजेत. इंजिन सुरू केल्यावर विझले पाहिजेत. न विझणारा दिवा बिघाड सांगतो. पण जो दिवा लागतच नाही, त्याच्याबद्दल विकणाऱ्याला आधी विचारा.

बाबांची ८०० अजून आहे. आजी हल्ली गाडीत बसली की आधी विचारते, "दिवे लागले का रे?" मी चावी फिरवतो, दाखवतो, मगच निघतो.

भेटू पुढच्या भागात!