निरंक

कोल्हापूरकर सीपीआरला अजून ‘थोरला दवाखाना’च म्हणतात. टाऊन हॉलसमोरचा हा दवाखाना मूळचा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव त्याला नंतर मिळालं. माझी नर्सची नोकरी तिथली नव्हे, पण सरकारी वॉर्डाचा रिवाज सगळीकडे एकच. रात्री बाराला किती भरती, किती डिस्चार्ज, किती मयत हे लिहायचं आणि सकाळी रिपोर्ट बुकावरून ओव्हर द्यायची. खाटेच्या पायथ्याशी टीपीआर चार्ट लटकलेला. तापाची निळी रेघ, नाडीची लाल. साहेब राउंडला आले की पेशंटच्या तोंडाआधी त्या रेघा बघायचे. आता पोरी ज्याला डॅशबोर्ड म्हणतात, तो आमचा असा पत्र्याच्या क्लिपला अडकवलेला असे.

ट्रेनिंगला असताना भिंतीवर नाइटिंगेलबाईंचं चित्र होतं, हातात दिवा घेतलेलं. बाई हिशेबाला किती पक्क्या होत्या, ते कुणी शिकवलं नाही. क्रिमियात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त शिपाई मेले, हे त्यांनी 1858 मध्ये रंगीत आकृती काढून दाखवलं. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत; तरी इथल्या छावण्यांकडून तक्ते भरून मागवले. 1863 च्या अहवालात इथल्या गोऱ्या फौजेचा मृत्युदर निघाला हजारी 69.

आमच्या तक्त्यांत मात्र एक शब्द फार सोयीचा होता: निरंक, म्हणजे नोंदवण्यासारखं काही नाही. एका रात्री एक आजोबा खाटेवरून उतरताना पडले, कपाळाला टाके पडले. “लिहू नकोस, मेमो निघेल,” इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. महिन्याच्या तक्त्यात मी निरंक लिहिलं. दवाखान्याचं नाव कशाला घेऊ, अक्षर माझंच होतं.

2008 पासून आकडे एचएमआयएस या सरकारी आरोग्य-माहितीच्या पोर्टलवर जाऊ लागले, 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली. आढावा बैठकीत पडद्यावर लाल-हिरवे रंग. लाल दिसला की उभं राहून उत्तर द्यायचं. मग हात पुन्हा निरंककडेच वळणार की!

इनचार्ज झाल्यावर मी पोरींना सांगितलं, पडलेलं सगळं लिहा, वेळेसकट. पहिल्याच महिन्यात आमचा रकाना लाल झाला, बोलणीही खाल्ली. पण वेळा एकाखाली एक मांडल्यावर दिसलं, बहुतेक जण पहाटे बाथरूमला जाताना पडलेले. वळणावरचा बल्ब गेलेला होता. मागणीपत्र दिलं. ते मंजूर होईपर्यंत मावशींनी घरून बल्ब आणून लावला.