बोर्डिंग म्हणजे जेवण

कोल्हापूरच्या दसरा चौकात कुणाला ‘वसतिगृह कुठं?’ म्हणून विचारलं, तर तो क्षणभर घुटमळेल. ‘बोर्डिंग’ म्हणा, लगेच उलट प्रश्न येईल, ‘कुठलं? जैन, लिंगायत की मुस्लिम?’ शंभर वर्षांत हा शब्द इथला होऊन गेलाय.

त्याचं कूळ मात्र स्वयंपाकघरातलं. इंग्रजीत बोर्ड म्हणजे आधी लाकडाची फळी. त्या फळीचं जेवायचं टेबल झालं आणि टेबलाचं नाव पुढे त्यावरच्या जेवणालाच पडलं. आपल्याकडे फळी पाट होऊन जेवणाऱ्याच्या खाली गेली, तिकडे ती ताटाखाली गेली, एवढाच फरक.

कोल्हापुरात हा जेवणाचा अर्थच खरा ठरला. संस्थानच्या राजधानीत शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला माधुकरी होती, वार लावायची सोय होती. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? आईनं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दोन दिवसांत कडक व्हायच्या, पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरायची. भाकरी संपली की पोरगं गावाकडं परतायचं. शिक्षण अडायचं ते चुलीपाशी.

शाहू महाराजांनी 1896 साली राजाराम कॉलेजला जोडून सगळ्या जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. तिथं अखेर ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मग महाराजांनी ज्याची त्याची चूल मांडून दिली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागा, इमारती, देणग्या मिळत गेल्या आणि कोल्हापूर वसतिगृहांचं माहेरघर झालं.

पोरं पोटभर जेवू लागली, पण आपापल्या पंगतीत. जैन बोर्डिंगात राहणारा कुंभोजचा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आला. अंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही, असं त्याला बजावण्यात आलं. त्यानं अंघोळ नाकारली आणि त्याचं बोर्डिंग सुटलं. त्या विद्यार्थ्याचं नाव भाऊराव पाटील.

याच भाऊरावांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उघडलं; त्याला पुढे शाहू महाराजांचंच नाव मिळालं. चूल एक, पंगत एक. शेजारच्या ताटावर कोण बसलाय, हे विचारायचं नाही. महाराजांचा 1896 चा फसलेला बेत तिथं शिजला.

शिजवायला धान्य मात्र रोज लागायचं. एकदा ते संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. पोरं जेवली.