आल्गोदोन

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजार आवारात एकाच मालाला तीन नावं ऐकू येतात. पैनगंगेकाठच्या बेला-जैनदकडचा मराठी शेतकरी ‘कापूस’ म्हणतो, तेलुगू अडत्या ‘पत्ती’ म्हणतो, हिंदी बोलणारा ‘कपास’. चौथं नाव इथे कुणी घेत नाही: स्पॅनिशमधलं ‘आल्गोदोन’.

हा शब्द मूळचा अरबी. ‘अल्-कुत्न’ म्हणजे कापूस. 711 साली अरबी सत्ता स्पेनमध्ये शिरली आणि मालाबरोबर नावंही रुजली. गंमत ‘अल्’ची. ते नुसतं उपपद, पण स्पॅनिशने ते शब्दाचाच भाग मानलं. इंग्रजी ‘कॉटन’मध्ये मात्र ‘अल्’ नाही.

संस्कृत ‘कार्पास’ मात्र आधीच पश्चिमेला पोचला होता. ग्रीकात तो ‘कार्पासोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’, आणि तिथल्या कवींनी तो जहाजाच्या शिडासाठीही वापरला. आपला ‘कापूस’ त्याच घरचा.

स्पॅनिश कवी हुआन रामोन हिमेनेस यांच्या ‘प्लातेरो आणि मी’मधलं (1914) गाढव वरून इतकं मऊ, की जणू कापसाचंच. ओझ्याच्या जनावराला एका उपमेत लडिवाळ करून टाकलं! स्पॅनिश बोलीतही लाडात वाढलेलं मूल ‘कापसात वाढलेलं’. आपण मात्र तळहाताच्या फोडासारखं जपतो. वेचणीला बोंडाच्या वाळल्या टोकांनी ज्यांची बोटं सोलवटतात, त्यांना कापूस म्हटल्यावर मऊपणाच आधी आठवेल, असं मला वाटत नाही.