आयनॅचरॅलिस्टवर १०० प्रजाती : शंभरी कशी मोजायची?

आयनॅचरॅलिस्ट ॲपच्या प्रोफाइलवर दोन वेगळे आकडे दिसतात: नोंदी आणि प्रजाती. एकाच प्रजातीच्या दहा नोंदी टाकल्या, तरी प्रजाती एकच. म्हणून शंभरी साजरी करायची तर मी प्रजाती मोजतो, आणि त्यातही फक्त ‘रिसर्च ग्रेड’वाल्या.

हा दर्जा मिळायला फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण लागतं. शिवाय किमान दोघांनी ओळख द्यावी लागते आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत लागतं. कुंडीतली जास्वंद चालत नाही, कारण ती रानटी नाही.

मित्राची शंभरी व्हावी म्हणून डोळे झाकून ‘सहमत’ दाबू नका. तुमच्या एका टॅपने चुकीचं नाव थेट संशोधकांच्या डेटात जाऊ शकतं. खात्री नसेल तर नुसतं ‘फुलपाखरू’ लिहा. पुढचं जाणकार सांगतील.