आपोआप फिरणाऱ्या चाकाचं कूळ

कधीच न थांबणारं चाक बनवू पाहणारा माणूस आजही गावोगावच्या गॅरेजात आणि वर्कशॉपात भेटतो. सायकलचं चाक, चांगली बेअरिंग, परिघावर बांधलेली वजनं किंवा चुंबकं, आणि एकदा गती दिली की फिरतच राहील ही खात्री. या चाकाचं कूळ शोधत मागे गेलं की वाट आपल्याच मुलखातून जाते, आणि त्या वाटेवर पेडणे तालुक्यातलं मांद्रे लागतं.

मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचं जन्मगाव. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. दिवसा रोगी तपासायचे, महारोगावर औषध शोधायचे आणि उरल्या वेळात शिलालेख, ताम्रपट, पोथ्या वाचायच्या, असा त्यांचा आयुष्यक्रम. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण इथला एक शिलालेख त्यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती छापली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने काढलेल्या मठाला १२०७ साली दान मिळालं, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय मिळावं हे सांगणारा शेवटचा भाग मराठीत आहे. व्यापाऱ्यांना समजायला हवं होतं, म्हणून मराठी.

मठात जे ग्रंथ शिकवायचे, त्यांचा मुकुटमणी म्हणजे ११५० साली पूर्ण झालेला ‘सिद्धांतशिरोमणी’. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांचं एक प्रकरण आहे आणि त्यात ‘स्वयंवह’ यंत्रं येतात, आपली आपण फिरणारी. भास्कराचार्य तीन तऱ्हा सांगतात.

पहिलं चाक हलक्या लाकडाचं. त्याचे आरे आतून पोकळ, सारख्या अंतरावर बसवलेले आणि किंचित वाकडे. प्रत्येक आऱ्याची अर्धी पोकळी पाऱ्याने भरायची, तोंड बंद करायचं आणि आस दोन आधारांवर ठेवून द्यायचा. दुसऱ्या चाकाच्या परिघातच खोबण कोरायची, तिच्यावर ताडपत्र वगैरे मेणाने चिकटवायचं, आणि आत एका बाजूला पाणी राहील अशा बेताने पारा ओतायचा. तिसऱ्या चाकाच्या कडेला घटिका बांधायच्या, विहिरीवरच्या रहाटाला गाडगी बांधतात तशा. तांब्याच्या वाकड्या नळीने कुंडातलं पाणी त्या घटिकांत पाडायचं. भरलेल्या घटिका खाली जातात, चाक फिरतं, आणि सांडलेलं पाणी पन्हळीने पुन्हा कुंडात जातं.

त्या ‘किंचित वाकडे’ या दोन शब्दांपाशी मी फार रेंगाळतो. पाच शतकं आधी, ६२८ साली, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त असंच पाऱ्याचं चाक दिलं होतं. त्याच्या वर्णनात आऱ्यांच्या वाकण्याचा उल्लेख नाही. सरळ आऱ्यांचं चाक कागदावर काढून पाहा. वरच्या अर्ध्या भागात पारा तुंब्याकडे घसरतो, खालच्या अर्ध्यात परिघाकडे. डावी बाजू उजवीसारखीच दिसते. मग चाकाने कोणत्या बाजूला फिरायचं? आरे वाकवले की हे सारखेपण मोडतं. उतरणाऱ्या बाजूचा पारा आसापासून लांब जातो, चढणाऱ्या बाजूचा जवळ राहतो. पोथीतल्या चाकात नेमकं काय कमी आहे हे कुणाला तरी उमगलं होतं, आणि यंत्रविचार म्हणतात तो हाच.

तरीही चाक फिरत नाही. वाकड्या आऱ्यांच्या चाकात उतरणीकडचं वजन लांबवर असतं खरं, पण चढणीकडे वजनं जास्त जमा होतात आणि हिशेब बरोबरीत सुटतो. थोडं डुलून चाक आपली सगळ्यात खालची, आरामाची जागा शोधतं आणि तिथेच थांबतं. दुसऱ्या चाकाचं कारण आणखी सुंदर आहे. द्रवाचा दाब भिंतीला नेहमी काटकोनात असतो आणि गोल परिघाला काटकोनात असलेला दाब सरळ आसाकडे जातो. आसाकडे रोखलेला जोर चाकाला फिरवू शकत नाही, मग पारा कितीही जड असो. आणि तो पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे.

आता या लोकांना हे चाक हवं कशाला होतं? पाणी उपसायला, दळायला, बैलाचं काम वाचवायला? ग्रंथांत तसं काही येत नाही. ब्रह्मगुप्ताच्या आधी आर्यभटाने लाकडाचा सर्व बाजूंनी सारखा गोल करून तो पारा, तेल आणि पाणी यांच्या साहाय्याने, स्वतःच्या बुद्धीने, काळाच्या गतीबरोबर फिरवावा असं लिहून ठेवलं आहे. आकाश कुणी न ढकलता रात्रंदिवस फिरतं. घरातला लाकडी खगोलही तसाच फिरावा, ही ती इच्छा. ‘सूर्यसिद्धांत’ तर अशी यंत्रं गुप्त ठेवायला सांगतो. हे चाक ज्योतिष्यांचं होतं, वेळ मोजण्याच्या ध्यासातून जन्मलेलं. फुकटच्या श्रमाचा लोभ त्याला नंतर चिकटला, असं माझं ठाम मत आहे.

आणि खुद्द भास्कराचार्य? दुसऱ्यावर अवलंबून चालणाऱ्या स्वयंवहाला ते ग्राम्य ठरवतात, अशी यंत्रं गोलशास्त्राचा भाग नाहीत असं बजावतात आणि पूर्वीच्यांनी सांगितली म्हणून आपण सांगितली असा खुलासा करतात. त्यांच्या यादीतलं श्रेष्ठ यंत्र म्हणजे धीयंत्र. हातात एक काठी, तिच्या टोकांवर नजर आणि बाकी सगळी बुद्धी. ‘आपल्या पूर्वजांनी अखंड ऊर्जेचं यंत्र बनवलं होतं’ असं सांगताना भास्कराचार्यांचं नाव घेणाऱ्यांनी तीन तऱ्हा वाचून पोथी मिटू नये. पुढचे श्लोकही त्यांचेच आहेत.

चाक मात्र पुढे गेलं. अरबी हस्तलिखितांत पाऱ्याची चाकं दिसतात. तेराव्या शतकात व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत, विषम संख्येचे हातोडे लोंबणारं चाक येतं आणि शेजारच्या टिपणात पाऱ्याचाही पर्याय येतो. ही कल्पना भारतातून गेली असं मत लिन व्हाइट या इतिहासकाराने मांडलं. व्हिलारच्या त्याच वहीत पाण्यावर चालणारी लाकूड कापायची करवतही आहे. आकाशाचं चाक कारखान्यात शिरलं ते इथे. पुढे युरोपात माणसांनी आयुष्यं त्यापायी घालवली, आणि १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले प्रस्ताव तपासणंच बंद केलं. १८४७ साली हेल्महोल्ट्झने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नीट मांडला, तेव्हा न चालण्याचं कारणही कळलं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा शोध मानतच नाही.

गोव्यातल्या कुणा हौशी कारागिराला हे चाक खुणावत असेल, तर त्याने भास्कराचार्यांचं तिसरं चाक बांधावं. वाकडी नळी स्वतः भरून घ्यायची. बाहेरचं टोक कुंडातल्या पाण्याच्या पातळीखाली असेल तोवरच ती वाहते. म्हणूनच चाकाखाली पडलेलं पाणी पन्हळीने वर कुंडात परत जाणार नाही. ती पन्हळ सोडून द्यावी. डिचोलीच्या कुंभाराकडून लहान गाडगी आणावीत, कुंड उंचावर ठेवून त्यात पाणी येत राहील अशी सोय करावी. तेवढं केलं की चाक फिरतं, आणि धार सारखी ठेवली तर त्यावर वेळही मोजता येते.